वर गेलेली मूठ

शारजाच्या अल नहदामधल्या गुणवंत सबनीसांच्या फ्लॅटमध्ये एका शब्दाला बंदी होती. तो शब्द म्हणजे ‘दमलो’. गुणवंत स्वतः पहाटे अंधारात गाडी काढायचे, ट्रॅफिकमधून रडतखडत दुबईच्या त्या टोकाचं ऑफिस गाठायचे आणि रात्री तसेच परत यायचे. डोळे तांबारलेले, मान आखडलेली. पण कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं, “एकदम मजेत!” पुण्याला आईला फोनवर हेच, बॉसला हेच, बायको विभावरीलाही हेच. विभावरीला ड्रायव्हिंग लायसन्स मिळून वर्षं लोटली होती. ते तिच्या पर्समध्ये आरामात पडून होतं, कारण गुणवंत स्टिअरिंग सोडतील तर शपथ!

त्या शनिवारी दुबईत त्यांच्या मुलीची, ईशानीची, बास्केटबॉलची मॅच होती. गुणवंत आणि विभावरी दोघंही बघायला गेले होते. खेळ रंगात आला असताना ईशानीने एकाएकी मूठ वर केली. पोरीने काहीतरी पराक्रम गाजवला असं समजून गुणवंत उभे राहून टाळ्या पिटू लागले. ईशानी मात्र शांतपणे चालत जाऊन बाकावर बसली. टाळ्या वाजवणारे तेवढे एकटे गुणवंत! थोड्या वेळाने ती पुन्हा खेळायला उतरलीही, पण तोवर यांचं डोकं फिरलं होतं.

“बाबा, दॅट्स द टायर्ड सिग्नल. इट मीन्स आय नीड अ सब,” मॅच संपल्यावर तिने सांगितलं. सब म्हणजे बदली खेळाडू.

“दमलीस म्हणून बाहेर आलीस? हे शिकवतं कोण तुला?”

शिकवणारे होते कोच रोमेल. फिलिपिन्सचे. एकेकाळी मनिलातल्या व्यावसायिक संघात पगारावर खेळलेले, आता पास्टर. रविवारी चर्चमध्ये प्रवचन आणि शनिवारी मुलांना बास्केटबॉल. उंच इतके की बोलताना समोरच्याची मान दुखावी, पण चालताना उजवा पाय ओढायचे. गुणवंत तडक त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

“कोच, तुम्ही पोरांना हार मानायला शिकवताय!”

“नाही, सर.” पास्टर सावकाश, सोप्या इंग्लिशमध्ये बोलू लागले. “जो स्वतः मूठ वर करतो, त्याने परत कधी उतरायचं हे तोच ठरवतो. जो लपवतो, त्याला मात्र मी बसवतो.”

“पण टीमसाठी रेटायला नको?”

“मीही रेटलं होतं, सर. फायनलला पाय गळून गेले होते. पण बाकावरचा पोरगा माझी जागा घेईल, या भीतीने बोललो नाही. मी ज्याला अडवायचं, तोच बास्केटवर बास्केट करत सुटला. मला वाटत होतं, टीम मी ओढतोय. टीम मला ओढत होती! शेवटी उडी मारली आणि गुडघा गेला. हॉस्पिटलमध्ये आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो, देवा, मी दमलोय. तिथून चर्चकडे वळलो. आता माझ्याकडे नर्सेस येतात, टॅक्सीवाले येतात, दुकानांतल्या मुली येतात. गावी फोनवर सगळेच मजेत असतात. मी एवढंच विचारतो, दमलात का? आणि माणसं रडायला लागतात.” त्यांनी गुणवंतांच्या तांबारलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. “तुम्ही दमलात का, सर?”

“मी? छे!” गुणवंत घड्याळाकडे बघत म्हणाले. “यल्ला ईशानी, चल, उशीर होतोय.”

शारजाच्या रस्त्यावर नेहमीसारख्याच गाड्या तुंबल्या होत्या. इंच इंच सरकणं आणि एसीचा गार झोत.

“अहो!”

विभावरीच्या किंकाळीने गुणवंतांनी ब्रेक दाबला. समोरची बस अगदी नाकाशी आली होती. तिच्या मागच्या काचेतून कामावरून परतणारी माणसं थकल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत होती.

“डोळा लागला तुमचा!”

“नाही गं, ऊन डोळ्यांवर आलं.”

“कुठलं ऊन? सूर्य बुडाला, मगरिबची अजान केव्हाच झाली!”

आरशात गुणवंतांना ईशानीचा पांढराफटक चेहरा दिसला. मघाशी जिला आपण हार न मानण्याचे धडे देत होतो, तिचाच आत्ता जीव घेतला असता! पुढच्या एक्झिटला वळून त्यांनी गाडी पेट्रोल पंपावर उभी केली. मग स्टिअरिंगवरचा हात उचलून त्यांनी मूठ वर केली.

“दमलोय गं मी,” ते म्हणाले. “कधीपासून दमलोय.” आणि त्यांना रडू आवरेना.

विभावरीने डोळे पुसले. “उतरा. इकडे येऊन बसा.”

“बाबा, यू कॅन गो बॅक इन व्हेनेव्हर यू वॉन्ट,” ईशानी मागून म्हणाली. घर यायच्या आत गुणवंत गाढ झोपले होते.

मित्रहो, अशी ‘मजेत’ असलेली माणसं आपल्या घराघरांत आहेत. आपण त्यांना कर्तबगार म्हणतो, त्यांचं कौतुक करतो आणि त्यांना तसंच राबू देतो. थकवा लपवणं हा त्याग नव्हे, त्याची किंमत शेजारी बसलेल्यांना मोजावी लागते. म्हणून दमलो म्हणायला लाजू नका! आणि घरात कुणाची मूठ वर गेली, तर टाळ्या वाजवत बसू नका. उठा आणि त्याची जागा घ्या.