दोघींचं टेबल

बाईंनी हात वर केला. कोपर टेबलावर, बोटं सरळ, तोंड बंद. चौतीस वर्षं त्यांनी पहिली-दुसरीच्या मुलांना असाच हात वर करायला शिकवलं होतं, आणि वर आलेला एकही हात त्यांच्या नजरेतून कधी सुटला नव्हता. इथे मात्र दोन वेटर आणि एक मॅनेजर त्या हातासमोरून ये-जा करत होते. थोडा वेळ वाट पाहून बाईंनी हात खाली घेतला, आणि जणू त्यासाठीच वर नेला होता अशा थाटात कानामागे केसांची बट सारली.

खिडकीखाली तळं होतं. पायांनी चालवायच्या होड्या काठाला बांधलेल्या होत्या आणि त्यांच्यावर उन्हाचे तुकडे हलत होते. पलीकडे, झाडाखाली, त्यांची सहलीची बस रिकामी उभी होती. दुपारचं जेवण आज ज्याचं त्याने घ्यायचं होतं. ग्रुपमधले सगळे जोडीजोडीने पांगले. बँकेतून निवृत्त झालेले काका तेवढे थांबून म्हणाले होते, "बाई, चला की आमच्याबरोबर." त्याच वेळी त्यांच्या पत्नी खाली वाकून चपलेचा पट्टा बघू लागल्या.

"नको, नको. मला जरा फिरायचंय," बाई म्हणाल्या होत्या, आणि सरळ इथे आल्या होत्या.

दारात मॅनेजरने विचारलं होतं, "किती जण?"

"दोघी."

शब्द आपसूक निघून गेला. निवृत्त झाल्यापासून वर्षातून एक सहल, आणि प्रत्येक सहलीला बरोबर धाकटी बहीण. साठी ओलांडली तरी घरात आणि घराबाहेर तिला बेबीच म्हणत. इतकी वर्षं प्रत्येक दारात बाईंनी हेच उत्तर दिलं होतं. चूक लक्षात येईपर्यंत मॅनेजर पुढे चालू लागला होता. खिडकीपाशी दोन प्लेटा, दोन ग्लास, पंख्यासारखे दुमडलेले दोन नॅपकिन मांडलेले होते. आता "दोघी नाही हो, एकटीच" म्हणायचं, म्हणजे स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या त्या छोट्या टेबलावर जाऊन बसायचं. बाई खिडकीपाशीच बसल्या. समोरच्या खुर्चीवर त्यांनी पर्स ठेवली.

याला आता अर्धा तास होऊन गेला होता. शेजारच्या टेबलावर त्यांच्यानंतर आलेल्या नवरा-बायकोपुढे मासे येऊन पडले. नवऱ्याने आधी माशाचा फोटो काढला, मग बायकोचा, मग दोघांचा मिळून.

"ऐका ना," बाई जवळून जाणाऱ्या वेटरला म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच जेमतेम ऐकू आला.

"आलोच, मॅडम."

तो दोनदा आलोच म्हणाला. तिसऱ्यांदा खरंच थांबला.

"त्या आल्या की लगेच ऑर्डर घेतो, मॅडम."

"कोण त्या?"

"तुमच्याबरोबरच्या. दोघी म्हणालात ना? आमच्याकडे सगळे बसल्याशिवाय ऑर्डर घेत नाहीत. एकजण आधी, एकजण मागाहून, असं झालं की आत नुसता गोंधळ होतो."

बाईंनी पर्सकडे पाहिलं. पर्सचा पट्टा खुर्चीच्या हातावरून खाली लोंबत होता.

"त्यांना उशीर होईल," त्या म्हणाल्या. "तुम्ही आणा."

"खिडकीला दोघांचंच जेवण असतं हं. सूप, मासा नाहीतर भाजी, भात, शेवटी गोड. निम्मं नाही मिळत."

त्याने मेनूकार्डावर बोट ठेवून दाखवलं. आकडा वाचून बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. आकडा तोच होता.

"चालेल," त्या म्हणाल्या. "भाजीचं आणा."

सूप आलं. एक बाऊल त्यांच्यापुढे, एक पर्सपुढे.

"गार होईल त्यांचं," वेटर काळजीने म्हणाला.

ते गारच होतं. बाईंनी चमचा फिरवला तशी तळातून पिठाची एक गाठ वर आली आणि पुन्हा बुडाली. त्यांनी एक घोट घेतला. मग दुसरा.

"ठीक आहे ना सगळं?" वेटरने पाठ वळवता वळवता विचारलं.

"छान आहे," बाई म्हणाल्या.

त्या चमचा हातात धरून तशाच बसल्या. समोरच्या खुर्चीतून कुणीतरी खुसखुसायला हवं होतं. "तुझं ते छान आहे म्हणजे शाळेचा शिक्का आहे, ताई," बेबी म्हणायची. "कुठल्याही कागदावर उठवतेस."

ही जागा बेबीनेच शोधली होती. सहलीच्या माहितीपत्रकावर या खिडकीच्या फोटोभोवती तिने पेनाने गोल काढला होता आणि कडेला लिहिलं होतं, इथेच बसायचं. तो कागद बाईंच्या पर्समध्ये होता. दोघींचे पैसे भरून झाले होते, स्वेटर कोणते न्यायचे यावर फोनवर तासभर खल झाला होता, आणि मग सहा आठवड्यांपूर्वी भाच्याच्या सोयरिकीचं ते जेवण झालं.

मोठं हॉटेल, लांबलचक टेबल, पलीकडच्या बाजूला होणारे व्याही. वाढप चाललं होतं आणि बेबी एकदम वेटरवर कडाडली होती. आवाज तिचा मुळातच चढा. टेबलावरची सगळी बोलणी थांबली. व्याह्यांच्या भुवया वर गेल्या. बाईंनी घाईघाईने त्यांच्यापुढे हात जोडले. "माफ करा हं," त्या हसून म्हणाल्या होत्या, "ही अशीच आहे."

व्याही हसले. सगळेच हसले. बेबीने चमचा खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "तळ्याला तू एकटीच जा, ताई. मजेत जा. सगळ्यांची माफी मागत मागत फिर." त्यानंतर फोन आला नाही. बाईंनीही केला नाही. आपलं काय चुकलं, हेच त्यांना कळत नव्हतं. हॉटेलात चारचौघांत ओरडायचं ते हिने, आणि रुसायचंही हिनेच?

भाजी आली. भात बाऊलच्या आकाराचा, उपडा घातलेला. काट्याने टोचलं तर सगळा ढिगारा एकसंध सरकला. भाजी इतकी शिजली होती की गाजर कोणतं आणि भोपळा कोणता ते रंगावरूनच ओळखायचं. दुसरी प्लेट पर्सपुढे ठेवायला जागा नव्हती. वेटरने तिथलं सूप थोडं सरकवलं. त्यावर आता साय धरली होती.

"हे बघा जरा," शेजारच्या टेबलावरचा नवरा वेटरला म्हणत होता, "हा मासा आतून कच्चा आहे. बदलून आणा."

"अहो, राहू दे ना," बायको पुटपुटली. तिची मान खाली गेली होती. "मी खाते तसाच."

"तसाच कशाला?"

"तुमचा पण तसाच आहे का, सर?" वेटरने विचारलं.

"माझा व्यवस्थित आहे. मी हिचा म्हणतोय."

बायको अजून मान खाली घालूनच बसली होती. पण एका बोटाने तिने आपली प्लेट टेबलाच्या कडेकडे हळूच ढकलली.

बाईंचा काटा भातात उभा राहिला.

स्टेशनच्या कॅन्टीनमधला तो अर्धकच्चा भात. बेबीने काउंटरवर जाऊन बाऊल आपटला होता, आणि बाई सामान घेऊन लाजेने बाहेर जाऊन उभ्या राहिल्या होत्या. तो भात कोणाचा होता? घाटातल्या हॉटेलात साखर न घातलेला चहा, तो कोणाचा? बाई एकेक प्रसंग आठवू लागल्या, वह्या तपासताना पान उलटत जावं तसा. बेबी स्वतः काहीही खायची. करपलेलं, अळणी, शिळं, समोर येईल ते. मान खाली घालून, भराभर.

त्या दिवशी व्याह्यांपुढेही बेबीचं ताट भरलेलं होतं. वाढप त्या टोकापासून या टोकापर्यंत दोनदा होऊन गेलं होतं, लोक अर्धे जेवून झाले होते, आणि कोपऱ्यात बसलेल्या बाईंचं ताट कोरडं होतं. बाई त्यात बघत नव्हत्या. त्या हसून कोणाला तरी सांगत होत्या, चालू द्या, मला काही घाई नाही.

आई गेल्यावर दोघी मामांकडे राहिल्या. तिथे बाईंनी कधी काही मागितलं नाही. त्या अकरा वर्षांच्या होत्या, आणि दुसऱ्याच्या घरी आहोत हे त्यांना कळत होतं. बेबी पाच वर्षांची. तिला ते कळत नव्हतं. "मामी, ताईचा भात संपलाय!" ती जेवता जेवता सगळ्या घराला ऐकू जाईल असं ओरडायची. बाई खालून तिच्या मांडीला चिमटा काढायच्या. बेबीच्या डोळ्यांत पाणी यायचं. पण भात आलेला असायचा.

बाईंनी काटा खाली ठेवला. उठून समोरच्या खुर्चीवरची पर्स घेतली आणि फोन काढला.

बराच वेळ वाजत राहिला.

"हं," पलीकडून आलं.

"बेबी, मी बोलतेय."

"कळलं. नाव येतं फोनवर."

मागे मिक्सर चालू होता. तो बंद झाला.

"तळ्यावर आहे," बाई म्हणाल्या. "तू गोल केला होतास ना, त्या खिडकीत बसलेय."

"बरं." मग, अगदी परक्या बाईला विचारावं तसं, "कसं आहे? छान?"

बाईंनी समोरच्या सुपाकडे पाहिलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "भिकार आहे."

पलीकडे मिक्सरचं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"काय म्हणालीस?"

"सूप गार आहे. गाठी आहेत त्यात. भाताचा लगदा झालाय. पाऊण तास बसवून ठेवलं मला. आणि दोघींचे पैसे घेतायत."

"दोघींचे का?"

"मी दारात दोघी म्हणून सांगितलं."

बाई नॅपकिनचा पंखा उलगडत राहिल्या, उलगडून पुन्हा घड्या घालत राहिल्या.

"वेंधळी आहेस," बेबी म्हणाली. तिने घसा खाकरला. "मग सांगितलंस त्याला? सूप गार आहे म्हणून?"

"छान आहे म्हणाले."

"वाटलंच! आहे का तो तिथे?"

"कोण?"

"वेटर गं! दे त्याला फोन."

"अगं बेबी, इथे सगळे लोक जेवतायत..."

"जेवू देत. तू जेवलीस का? दे म्हणते ना."

बाईंनी हात वर केला. या वेळी कोपर टेबलावर नव्हतं. उत्तर नक्की माहीत असलेलं मूल करतं तसा, खांद्यापासून, पुरता वर.

"अहो! इकडे या," त्या म्हणाल्या. शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज इतक्या वर्षांनीही जागच्या जागी होता. मॅनेजरनेसुद्धा वळून पाहिलं.

वेटर धावत आला. "बिल आणू, मॅडम?"

"त्या आल्या," बाई म्हणाल्या. त्यांनी स्पीकर चालू केला आणि फोन समोरच्या बाऊलला टेकवून उभा ठेवला.

"हॅलो!" फोन कडाडला. "हे बघा, माझ्या बहिणीचं सूप गार आहे. ते आधी गरम करून आणा, आणि गाठी मोडून आणा. भात बदला. पाऊण तास ताटकळत ठेवलंत तिला, ती काही बोलत नाही म्हणून तुम्ही काय वाटेल ते वाढाल की काय?"

शेजारचे नवरा-बायको खायचे थांबले. पलीकडच्या टेबलावरच्या माना वळल्या. वेटर गोंधळून फोनकडे बघत राहिला, आणि मग त्याने बाईंकडे पाहिलं. दोघींमधली ही एक तरी आपलं ऐकून घेईल, अशा आशेने. ती नजर बाईंच्या ओळखीची होती. कॅन्टीनमध्ये, घाटातल्या हॉटेलात, व्याह्यांपुढे, सगळे असेच त्यांच्याकडे वळायचे.

त्यांचे दोन्ही तळवे सवयीने एकमेकांजवळ आले होते. ते त्यांनी सोडवले.

"ही अशीच आहे," बाई म्हणाल्या, आणि आपला बाऊल उचलून त्याच्या हातात दिला.