सातवं गाणं, ज्यात गाणं नाही

पाच

नंदाने काचेवर पेनाने टकटक केलं.

"सत्यशीलाताई, कान मोकळा करा. समोर माणूस उभा आहे. म्हणजे, एका पायावर उभा आहे."

माणूस खरंच बायकोच्या खांद्यावर भार टाकून एका पायावर उभा होता. सत्यशीलाने इअरफोन काढला. नाव, वय, डावा घोटा असं सगळं लिहून घेतलं आणि त्याला एक्स-रेच्या खोलीकडे पाठवलं. सदाशिव पेठेतल्या ह्या क्लिनिकमध्ये दुपारी दोन ते चार फारसं कुणी येत नाही. पण पाचवं गाणं लागलं की कुणीतरी येतंच.

तिने फोन उचलला आणि पुन्हा पहिल्या गाण्यावर आणून ठेवला.

"तुम्हाला सातवंच ऐकायचं असतं ना?" शेजारच्या खुर्चीवरून नंदा म्हणाली. "मग सातवंच लावा की. लिफ्ट असताना जिना कशाला चढायचा?"

"नुसतं सातवं लावलं तर त्यात काही नसतं."

"आणि सहा ऐकून लावलं तर?"

सत्यशीलाने इअरफोन पुन्हा कानात घातला. पहिलं सुरू झालं होतं.

एक

ही गाणी एका सिनेमाची. सिनेमा पुण्यातच झाला, ओळखीपाळखीच्या माणसांना घेऊन, आणि एका थिएटरात सकाळच्या एका खेळाला चार दिवस चालला. सत्यशीला तिसऱ्या दिवशी गेली होती. कसबा पेठेतलं त्यांचं पेटीदुरुस्तीचं दुकान पडद्यावर नऊ सेकंद दिसलं. उघडी पेटी, त्यावर तिच्या नवऱ्याचे, आनंदचे हात. चेहरा नाही. तोवर आनंदला जाऊन सात महिने झाले होते.

सिनेमा गेला. अल्बम राहिला. अकरा तुकडे, दीपालीने निवडलेले. दीपाली कर्वेनगरला दोन मैत्रिणींबरोबर राहते. कोणतं गाणं घ्यायचं आणि ते कशाच्या मागून यायचं, एवढंच तिचं काम. हे काय काम झालं, असं सत्यशीलाला आधी वाटलं होतं. आता वाटतं, पंगतीत मीठ कधी, भात कधी, ताक कधी हे ज्या बाईला कळतं, तिच्याशिवाय जेवण होत नाही. नुसता स्वयंपाक होतो.

दोन तीन चार पाच सहा

पहिल्यात गिटार, ढोलकी, चार माणसं, सगळं आहे. दुसऱ्यात ढोलकी नाही. तिसरं कुणीतरी माउथऑर्गनवर वाजवलंय, मागून रस्ता ऐकू येतो. चौथ्याचे शब्द तिला आठ दिवसांनी कळले, आणि कळल्यावर ती भाजी चिरायची थांबली. पाचव्यात एक मुलगी बाथरूममध्ये गाते, आवाज घुमावा म्हणून. सहाव्यात तीच मुलगी नुसती गुणगुणते. शब्दही गेले.

प्रत्येक गाणं काहीतरी काढून घेतं. सहावं संपेपर्यंत कान घासून ठेवलेल्या पातेल्यासारखा झालेला असतो.

मग

सात

कानशीचा आवाज. खर्र. खर्र. पेटीतलं पितळी पातं घासलं जातंय.

भात्याचा श्वास. एक सूर. काळी चार. खरं म्हणजे दोन सूर, एकाच पट्टीवर बसवलेले, एकमेकांना अजून न मिळालेले, म्हणून थरथरणारे.

खर्र.

पुन्हा सूर. थरथर कमी.

दोन मिनिटं अकरा सेकंद एवढंच.

सात, जे अल्बमवर नाही

आनंदला ती थरथर ऐकू येत नसे. चाळिशीतच कान उतरले. बोललेलं ऐकू यायचं, जवळून. बारीक काही नाही. ऐकू न येणाऱ्या माणसाकडे पेटी कोण आणणार? म्हणून सत्यशीला दुकानात मागे बसायला लागली, पुढ्यात मेथी घेऊन. सूर खाली असला की तिचं बोट वर उचलायचं. वर गेला की बोट खाली. जुळला की ती म्हणायची, "झालं." आनंद पातं पुसायचा. अशी एकोणीस वर्षं.

भजनी मंडळवाले यायचे, भीमगीतांच्या पार्ट्यांचे गायक यायचे. कुणाला कळलं नाही. एक बुवा एकदा म्हणाले होते, "आनंदराव, वहिनींची मेथी म्हणजे कमाल आहे. दर पाच मिनिटांनी होते आणि संपत नाही."

"घरात खाणारी तोंडं फार," आनंद म्हणाला होता. घरात दोघंच होती.

दीपाली दुकानातला आवाज टिपायला माइक घेऊन आली त्या दिवशीही मेथी होती. आनंद घासत होता, दीपाली श्वास धरून बसली होती. बोट वर. बोट वर. मग सत्यशीला म्हणाली, "झालं." आणि आनंदने, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, परक्या माणसासमोर मान वर केली.

"ऐक गं पोरी," तो दीपालीला म्हणाला. "पाटीवर नाव माझं आहे. कान हिचे आहेत."

सत्यशीलाने मेथीची जुडी तशीच उचलली आणि आत गेली. चहा टाकते म्हणाली. दूध उतू गेलं तरी ती तिथेच उभी होती.

आनंद फोनवर बोलत नसे. ऐकूच यायचं नाही, तर बोलणार काय? त्याचा आवाज कुठेच नाही. कुठल्या फोनमध्ये नाही, कुठल्या लग्नाच्या व्हिडिओत नाही. तिथे तो नुसता हसतो. होता तो त्या एका दिवसाच्या रेकॉर्डिंगमध्ये. दीपालीने अल्बमची लिंक पाठवली तेव्हा सत्यशीला मोरीशेजारच्या स्टुलावर बसली आणि सातव्याची वाट पाहिली. खर्र. सूर. खर्र. सूर. आता झालं म्हणेन मी. आता हे बोलतील.

आठवं गाणं सुरू झालं.

आठ

दीपाली क्लिनिकखाली भेटायला आली. अमृततुल्यात दोघी भिंतीकडे तोंड करून बसल्या.

"तुमचं 'झालं' मी ठेवलं होतं, काकू. पंधरा दिवस ठेवलं होतं."

"मग?"

"मग आठवं सुरूच होईना. 'झालं' म्हटलं की ऐकणारा उठून जातो. तुम्ही नीट ऐका, आठव्यात ती बाई पहिला स्वर लावते ना, तो काकांचाच आहे. काळी चार. अगदी जुळलेला. सातव्यात जे राहतं ते ती पुरं करते. म्हणून तर ते गाणं घेतलं. दोन महिने शोधत होते."

हे सत्यशीलाला कळलं होतं. पहिल्याच दिवशी. तिचे कान होते शेवटी.

"मला ते पुढचं हवंय," ती म्हणाली. "हे जे बोलले ते."

दीपालीने चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरला. "हार्ड डिस्क गेली, काकू. दोन दुकानांत दाखवली. एडिट केलेलं तेवढं वाचलं."

"बरं."

"सॉरी. मला खरंच..."

"बरं म्हटलं ना. तू काय मुद्दाम केलंस?"

ग्लास खाली ठेवून दीपाली हळूच म्हणाली, "मला ते वाक्य पाठ आहे. ते थांबले कुठे, तेही. म्हणून दाखवू?"

सत्यशीलाने पटकन हात वर केला.

"नको. तू म्हणालीस की मग मला तुझ्या आवाजात ऐकू येईल."

पुन्हा एक

"एक द्या इकडे," नंदा म्हणाली. बुधवार होता, दुपारचे अडीच. बाकांवर कुणी नव्हतं. "बघू तरी काय आहे. पण सहा ऐकायची माझी तयारी आहे बरं का, मध्ये टोकू नका."

"मी कधी टोकलं?"

"तुम्ही बघता. ते पुरेसं असतं."

दोघींनी एकेक इअरफोन घेतला. पहिल्याला नंदाने पाय हलवला. चौथ्याला म्हणाली, "हे काय म्हणतोय?" आणि मग तिचा पाय थांबला. पाचवं निर्विघ्न पार पडलं. सहाव्याला तिने हातातलं पेन खाली ठेवलं.

खर्र. खर्र.

रोज ह्या जागी, दोन मिनिटं दहा सेकंद झाली की, सत्यशीला ओठांतल्या ओठांत म्हणायची, झालं. न सांगता तोडलेलं ती रोज पुरं करायची. एकदा तरी पलीकडून उत्तर येईल म्हणून. मग आठवं लागायचं आणि आनंद पुन्हा गेलेला असायचा.

सूर आला. थरथर आता इतकी बारीक होती की दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, जुळलाच.

आज सत्यशीला 'झालं' म्हणाली नाही. तिने फोनवर अंगठा दाबला. आठवं लागायच्या आत सगळं थांबलं.

नंदाने वाट पाहिली. मग कानातून इअरफोन न काढता विचारलं, "झालं?"

"नाही," सत्यशीला म्हणाली. "चाललंय अजून त्यांचं."

काउंटरच्या काचेवर ठेवलेल्या तिच्या हाताचं एक बोट किंचित वर उचललेलं होतं.