मेलगाडीला बाजूची लाईन

सासऱ्यांनी बॅग भरायला घेतली तेव्हा सून खिडकीपाशी बसून कुणाची तरी कवळी घासत होती.

दात बनवणं हा तिचा धंदा. दवाखान्यातून साचे यायचे, ती दात बसवून द्यायची, आणि एखादी कवळी फारच हट्टाला पेटली की तिला घरी आणून समजूत काढायची. सासरे निवृत्त इंजिन ड्रायव्हर. उभा जन्म घाटातल्या एकेरी मार्गावर मेलगाडी हाकली. आता मुलाकडे चौथ्या मजल्यावर राहायला आणलं, तर माणूस काही रमेना.

"बाबा, कुठं निघालात?"

"माझ्या घरी. एकटा राहीन. दोन भांडी घासता येतात मला."

"आणि तुमची लाईन? मी बनवतेय ती?"

ही लाईन म्हणजे संगणकावरची. रेल्वेचा खेळ असतो ना, त्यात आपण ड्रायव्हर होऊन गाडी चालवायची, आणि बाकीच्या गाड्या संगणक चालवतो. सासऱ्यांच्या आठवणी विचारून विचारून सुनेनं त्यांचा सगळा घाट त्यात उभा केला होता. बोगदे, पूल, स्टेशनांतली बाकंसुद्धा. सासरे तिकडे ढुंकून बघत नव्हते. "पोरखेळ," म्हणायचे. पण आज त्यांनी बॅगेची चेन अर्ध्यावर थांबवली.

"असं कर. रविवारी बसव मला. माझी मेल वरच्या स्टेशनात वेळेवर पोचली, तर राहतो. नाही पोचली, तर संध्याकाळच्या बसनं मी चाललो. मग तूही आडवं यायचं नाही, सूनबाई."

"नाही येणार."

म्हणाली खरी, पण शनिवारी दुपारी तिनं स्वतः गाडी चालवून पाहिली, तर ती वाटेतच अडकली. घाटाच्या मध्यावर छोटं स्टेशन होतं. तिथं मुख्य रूळ एकच, आणि समोरून येणाऱ्याला वाट द्यायला शेजारी एक आखूड लाईन. खालून मेल आली, वरून संगणकाची मालगाडी आली. दोघींनाही लाल सिग्नल. ही म्हणे तू आधी, ती म्हणे तू आधी. वरच्या स्टेशनात पॅसेंजर ताटकळली, तिच्यामागे दुधाची गाडी. सगळा घाट चिडीचूप.

नवरा बेकरीतून आला तो भुवयांना पीठ घेऊनच. पडद्याकडे बघून म्हणाला, "काय गं, संप आहे का?"

"थट्टा नको. सगळ्या वेळा बदलून पाहिल्या. इथली गाठ सोडवली की पुढच्या स्टेशनात बसते."

"बघू, कुणाला किती मान दिलायस?"

त्या खेळात प्रत्येक गाडीला मानाचा आकडा द्यावा लागतो. ज्याचा मान मोठा, त्याला आधी वाट. नवऱ्यानं यादी उघडली आणि कपाळावर हात मारला. मेल पहिली. मालगाडी पहिली. पॅसेंजर पहिली. दुधाचीसुद्धा पहिली!

"अगं, ही काय तऱ्हा?"

"मालगाडीत घरं बांधायचं सामान असतं. पॅसेंजरमध्ये लेकुरवाळ्या बाया असतात. आणि दूध तर नासतं. कुणाला खाली बसवू?"

तिचा स्वभावच तो. घरात पाहुणे आले की सगळ्यांनाच पहिलं वाढायची, आणि शेवटी सगळीच ताटं एकदम गार. देवानं माणसं सारखी केली हे खरंच. पण सगळ्यांनी एकाच दारातून एकाच वेळी जावं, असं काही त्यानं सांगितलेलं नाही.

"मग मालगाडीला बाजूला घे," नवरा म्हणाला.

"मावत नाही. शेपूट मुख्य रुळावर राहतं. वर अडवली तर पॅसेंजर अडकते."

"काढूनच टाक की तिला."

"मोकळ्या रुळावरून गाडी नेली तर बाबा म्हणतील, ही माझी लाईनच नव्हे."

ती उठली आणि नेहमीच्या सवयीनं कवळी हातात घेतली. टेकेल तिथं डाग पाडणारा रंगीत कागद दातांत धरून वरची-खालची बाजू मिटवली, तर सगळीकडे नुसता उजेड. एकच दात टेकत होता, तो पुढचा, दिमाखदार. तो उंच म्हणून बाकी तोंडच मिटत नव्हतं. तिनं हळूच त्याला घासलं. पुन्हा मिटवलं. सगळे दात एकमेकांना भेटले.

तिचा हात तसाच थांबला. घाटात आखूड लाईनीत मावेल अशी गाडी एकच होती. मेल.

"अहो, बाबांनाच बाजूला घ्यावं लागेल."

नवऱ्यानं तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं भट्टीत हात घातलाय. "बाबांना? ते आयुष्यात कुणासाठी थांबले नाहीत! आणि थांबले म्हणजे उशीर. उशीर म्हणजे बस."

"पण गाडी पोचेल तरी."

"पोचायची वेळच पुढं ढकल मग."

"त्यांना वेळापत्रक तोंडपाठ आहे. आणि फसवून ठेवून घेतलेला माणूस घरात असून नसल्यासारखा." तिनं देवाचं नाव घेतलं आणि मेलच्या पुढचा आकडा बदलून शेवटचा केला.

रविवारी सकाळी सासरे इस्त्रीचा शर्ट घालून संगणकापुढे बसले. पहिल्या पुलापर्यंत तोंडानं "पोरखेळ, पोरखेळ" चाललं होतं. बोगद्यात शिरताना हात आपोआप शिट्टीच्या बटणावर गेला. नवरा मागं कोपरानं बायकोला ढोसत होता.

मग मधलं स्टेशन आलं. गाडी मुख्य रूळ सोडून बाजूला वळली, आणि समोर लाल.

"हे काय? मेलला बाजूची लाईन?"

"हो, बाबा."

"कोणी घेतलं मला बाजूला?"

"मी." सुनेचा आवाज बारीक झाला, पण हलला नाही. "तुम्ही सरकलात तरच सगळ्या सुटतात."

सासऱ्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "माझ्या तोंडात तुझे दात आहेत म्हणून बोलत नाही, समजलीस?"

"चावू नका म्हणजे झालं."

नवऱ्याला ठसका लागला. सासरे पुन्हा पडद्याकडे वळले; दुसरं करणार काय? लाल ते लाल. मालगाडीचा पत्ता नव्हता. बसल्या बसल्या त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. फलाटावर एक नळ होता. नळाखाली दगडात खळगा. झाडाखाली बाकावर एक बाई, पायाशी ट्रंक.

"इथं झाड होतं होय?"

"तुमच्या इंजिनावर कोळसा टाकायचा, त्या फायरमननं फोनवर सांगितलं. म्हणाला, साहेबांना विचारू नका, ते इथून कायम उडत गेले."

"गाढव आहे तो," सासरे म्हणाले, पण ओठांत हसू होतं. "ही बाई कुणाची वाट बघतेय?"

"पॅसेंजरची."

"कालपर्यंत अडकली होती ती," नवरा मागून म्हणाला.

तेवढ्यात मालगाडी आली. डबे मोजवेनात, एवढी लांब. सासऱ्यांनी नकळत हात वर करून समोरच्या ड्रायव्हरला सलाम ठोकला. तो ड्रायव्हर म्हणजे नुसता संगणक. त्याला काय कळणार! पण यांचा हात शेवटचा डबा जाईपर्यंत वरच. सिग्नल हिरवा झाला.

मेल वरच्या स्टेशनात पोचली तेव्हा पडद्यावरचं घड्याळ लपवायला जागा नव्हती. सुनेनंच सांगून टाकलं, "उशीर झाला, बाबा. शब्द म्हणजे शब्द. पोळ्या बांधून देते."

"कुणाला उशीर?"

"गाडीला."

"सिग्नलनं अडवलेला वेळ ड्रायव्हरच्या माथी मारत नाहीत. इतकी वर्षं नोकरी केली, एवढं तरी माहीत आहे मला." त्यांनी घसा खाकरला. "तो वेळ काढून टाक. मग बघ."

नवऱ्यानं घाईघाईनं वजाबाकी केली. "बाबा, चक्क वेळेआधी!"

"मग?" सासरे खुर्चीत ऐसपैस झाले. "नुसती उभी राहू नकोस, सूनबाई. चहा टाक, आणि उद्या मला मेल नको, ती मालगाडी दे. बघू दे, समोर बाजूच्या लाईनीत कोण उभं राहतंय ते."