उत्तरेचा बाण

एप्रिलमधल्या एका संध्याकाळी, पाचच्या सुमारास, बुद्धघोष कळस गावाच्या कडेला एका मोकळ्या जागेत नकाशा उलगडून उभा राहिला, आणि सूर्य उत्तरेकडे कललेला त्याला दिसला.

त्याने नकाशा पुन्हा नीट धरला. समोर रस्ता, उजवीकडे पाण्याची टाकी, डावीकडे शाळेची भिंत. सगळं कागदावर होतं तसंच जमिनीवर होतं. कागदाच्या कोपऱ्यातला बाण नाकासमोर उत्तर दाखवत होता, आणि नाकासमोर ऊन होतं.

"साखरमावशी," त्याने घसा खाकरून विचारलं, "सूर्य रोज इकडंच मावळतो का?"

साखरबाई ग्रामपंचायतीच्या सदस्य. ही जागा त्यांनी दोन वर्षं भांडून मिळवली होती. गावातल्या पोरांना स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी रोज इंदापूरला जावं लागे. त्यांची थोरली करुणाही त्यातलीच. इथे अभ्यासिका व्हावी, एवढा एकच ध्यास त्यांनी घेतला होता.

"न्हाय," त्या म्हणाल्या, "बुधवारी सुट्टी असती त्याला. आसं काय इचारतोस, बाबा? उनानं डोकं फिरलं व्हय?"

बुद्धघोष हसला नाही. त्याने कागदावरचा बाण आणि समोरचं ऊन पुन्हा एकदा ताडून बघितलं.

तो बारामतीला, विद्यापीठाच्या कला, डिझाइन आणि आर्किटेक्चरच्या विभागात चौथ्या वर्षाला होता. त्यांच्या बारा जणांच्या गटाला या वर्षी खरं काम मिळालं होतं: कळसची अभ्यासिका. प्रत्येकाने आपापली इमारत रचायची आणि अंतिम परीक्षणात जी सरस ठरेल ती साखरबाईंनी थेट ठेकेदाराकडे न्यायची. पण जागेचा मूळ नकाशा एकानेच काढायचा आणि बाकीच्यांनी तो उतरवून घ्यायचा, हा तिथला जुना रिवाज. जो कमी बोलतो त्याच्या गळ्यात हे काम पडतं, म्हणून ते बुद्धघोषच्या गळ्यात पडलं.

त्याने नकाशा जीव ओतून काढला होता. शाळेच्या भिंतीला टेकलेली बाभूळसुद्धा सोडली नव्हती. जागा लांबट, कागद आडवा. म्हणून त्याने चित्र पाव फेरा वळवून बसवलं. उत्तरेचा बाण मात्र विभागाच्या छापील चौकटीत आधीच असतो, आणि तो नेहमी वर बघतो. चित्र वळलं, बाण वळला नाही. पश्चिम उत्तर झाली आणि कुणालाही कळलं नाही.

श्रावणात सगळे जागा बघायला आले तेव्हा आभाळ गच्च भरलेलं होतं. बारा जण होते, बारा फोन होते, प्रत्येक फोनात होकायंत्र होतं. फोटो तीनशेच्या वर निघाले. होकायंत्र एकानेही उघडलं नाही. तेव्हापासून चार आढावे झाले, आणि चारही वेळा उत्तरेच्या शांत, सावलीच्या उजेडाचं कौतुक झालं. त्या उजेडासाठी बाराही जणांनी त्या बाजूला भिंतभर खिडक्या ठेवल्या होत्या.

परीक्षण परवावर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने आधी गटातल्या झोयाला सांगितलं. झोयाच्या अब्बांचं बारामतीत कापडाचं दुकान. गिऱ्हाइकाला गप्प कसं करायचं हे ती लहानपणीच शिकली होती.

"घोष्या, तू वर्षभर तोंड उघडत नाहीस," ती म्हणाली, "आणि उघडतोस ते आजच? बारा जणांचे बारा वाजवायला?"

"खिडक्या पश्चिमेला आहेत, झोया. मे महिन्यात पोरं भाजून निघतील."

"पडदे लावतील! माझे सोळा शीट छापून झालेत. अविराज दोन रात्री झोपलेला नाही. जा, त्याला सांगून बघ."

अविराजला सांगायचं धाडस त्याला झालं नाही. तो मार्गदर्शक अनिता मॅडमांकडे गेला. मॅडमांनी नकाशा आडवा धरला, उभा धरला, मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बुद्धघोष, मी चार वेळा या नकाशावर सही केली आहे."

"हो, मॅडम."

"चार वेळा!" त्यांचा राग नेमका कुणावर होता ते त्याला कळेना, बहुधा त्यांनाही कळत नसावं. "उद्या पुण्याहून परीक्षक येतायत. परीक्षण होऊ दे, मग बघू."

"पण मॅडम, परीक्षण झालं की मावशी लगेच..."

"मग बघू म्हटलं ना."

हे 'मग' त्याच्या चांगलं ओळखीचं होतं. घरी, शाळेत, कचेरीत, जिथे जिथे तो गप्प बसला होता तिथे तिथे हे 'मग' आधीच येऊन बसलेलं असे. शब्द त्याच्यात साठत. ते ओठांपर्यंत येत आणि सभ्यपणे परत फिरत.

परीक्षणाच्या दिवशी त्याचा नंबर दुपारी चारला लागला. साखरबाई मागच्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. परीक्षकांच्या चेहऱ्यावर सकाळपासून बघितलेल्या शीट्सचा थकवा होता.

"सर," बुद्धघोष म्हणाला, "या नकाशात उत्तर चुकली आहे."

"मोठ्याने."

"उत्तर चुकली आहे, सर. माझ्या हातून."

परीक्षक एकदम सावरून बसले. "म्हणजे दिशा या संकल्पनेलाच तू आव्हान देतो आहेस! इंटरेस्टिंग. सकाळपासून पहिल्यांदा कुणीतरी भूमिका घेतली."

"भूमिका नाही सर, चूक आहे."

"चुकीलाच भूमिका करणं! पुढे बोल."

"सर, खरंच चूक आहे हो!"

"हा ठामपणा मला आवडला," परीक्षक अनिता मॅडमांना म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहू लागले. मॅडम खाली बघत राहिल्या. झोयाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती हसत होती की रडत होती ते दिसत नव्हतं.

बुद्धघोषला वाटलं, आता आपण ओरडणार. ओरडणं त्याला जमत नसे. त्याने आपल्या इमारतीचं पुठ्ठ्याचं मॉडेल उचललं, रस्ता आणि टाकीसकट, आणि कुणालाही न विचारता तो दाराबाहेर चालू लागला.

"अरे, कुठे?" परीक्षक उठले. त्यांच्या मागोमाग सगळा वर्ग उठला.

बाहेर फरशीचं मोकळं अंगण होतं. त्याने मॉडेल खाली ठेवलं आणि त्यातला रस्ता मावळतीकडे येईल असं फिरवलं, जसा तो कळसला खरोखर आहे. चारचं ऊन भिंतभर खिडक्यांतून सरळ आत घुसलं. पुठ्ठ्याची एवढीएवढी टेबलं, एवढ्याएवढ्या खुर्च्या, सगळं पांढऱ्या धगीत बुडून गेलं. सावलीचा एक कोपरा उरला होता, तो जिन्याखाली.

साखरबाई गुडघ्यांवर हात टेकून वाकल्या आणि त्यांनी आत डोकावून बघितलं.

"हितं पोरं बसत्याल का पापड वाळत्याल?" त्यांनी विचारलं.

परीक्षकांनी स्वतःच्या सावलीकडे बघितलं, मग मॉडेलकडे, मग वहीकडे. वहीतली एक ओळ त्यांनी खोडली.

"बाकीच्यांचंही असंच?"

"बाराही," अनिता मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज कोरडा होता. "सह्या माझ्या आहेत."

शेवटी आठ दिवस मिळाले. सगळ्यांचं परीक्षण नव्याने होणार, आजचे गुण रद्द. अविराजने शीटची गुंडाळी भिंतीवर आपटली आणि तो निघून गेला. बाकीच्यांनी बुद्धघोषकडे बघायचं टाळलं, आणि ते टाळणं त्याला अविराजच्या आपटण्याहून जास्त लागलं. साखरबाई एसटीसाठी निघताना त्याच्यापाशी थांबल्या.

"समदी रागावली न्हवं तुज्यावर?"

"हो."

"रागावू दे. माज्यावर तर आख्खी पंचायत रागावलीया." त्यांनी पिशवी खांद्यावर घेतली. "आठ दिसांनी येते. तवर पुन्यांदा फिरवू नगंस काय."

वर्गात आता बाराच्या जागी सात जण उरले होते. बुद्धघोषने मॉडेल टेबलावर घेतलं आणि खिडक्यांची ती भिंत कटरने कापायला सुरुवात केली. चार महिने जपलेली भिंत तीन रेघांत सुटी झाली. ती त्याने मॉडेलशेजारी ठेवली.

शेजारच्या टेबलावर झोयाही तेच करत होती. तिचं पातं सारखं अडत होतं.

"कटर दे," ती वर न बघता म्हणाली. "माझं बोथट झालंय."

त्याने दिलं. तिने ते घेतलं आणि अंधार पडेपर्यंत परत केलं नाही. त्याने दुसरं मागितलं नाही. ती थांबेल तेव्हा आपण कापू, असं ठरवून तो नवी भिंत पेन्सिलने आखत राहिला.