शंख फुंकला की देवमासा येतो

"आला! बाबा, आला!"

होडीतली चौदा माणसं एकदम उजवीकडे धावली. होडी कलली आणि सुकाणूवर बसलेल्या लुसेआनेने ओठांवर आलेली शिवी गिळली. वावाऊ बेटाच्या निळ्याशार खाडीत शंखाचा आवाज विरतो न विरतो तोच देवमाशाचं पिल्लू फुस्स करून वर आलं होतं. सोसेफोबाबांनी भक्तिभावाने डोळे मिटले आणि समुद्राच्या पाण्याने बाटली भरून घेतली.

"श्वासतीर्थ!" बाबा म्हणाले. "बायबलातल्या ज्या माशाने योनाला तीन दिवस पोटात सांभाळलं, त्याला तुमच्या रक्तातली साखर काय जड आहे?"

गेल्या मोसमापर्यंत हा सोसेफो बंदरावर तिकिटं फाडायचा. गंमत अशी की मासा हुडकून होडी त्याच्याजवळ नेऊन उभी करायची लुसेआनेने, आणि त्याला बोलावल्याचं श्रेय घ्यायचं बाबांनी. पिल्लाला उशीर झाला की बाबांच्या प्रार्थनेत आणखी दोन प्रेषित यायचे. तरीही नाहीच आलं, तर होडीतला कुणीतरी पापी निघायचा. लुसेआनेला हसू यायचं. पाहुणे खूश आहेत, कुणाचं काय बिघडतंय, म्हणून ती गप्प राहिली होती.

बिघडलं ते तिच्याच घरात. बाबांच्या सांगण्यावरून सेइनीआत्याने मधुमेहाच्या गोळ्या खिडकीबाहेर भिरकावल्या आणि ती तीर्थ पिऊ लागली. पायाच्या बोटावरची जखम काळी पडत चालली होती.

"आत्या, दवाखान्यात चला ना."

"मला शिकवतेस? तुझ्या बापाची थोरली बहीण आहे मी!"

जिथे आत्यापुढे बापाची मान वर होत नाही, तिथे भाचीची काय कथा! लुसेआनेने वाद सोडला. शनिवारी मात्र तिने आत्याला होडीत आपल्या शेजारी बसवलं आणि स्वयंपाकघरातलं घड्याळ तिच्या हातात ठेवलं.

"पिल्लू बुडालं की वेळ बघायला लागा. चार मिनिटं व्हायला आली की मला खूण करा."

"हे काय नवीन?"

"बघा तर खरं."

बाबांनी शंख फुंकला, पिल्लू आलं, गेलं. लुसेआने उठली. "बाबा, आता मी हाक मारू?"

"शंखाशिवाय?" बाबा खो खो हसले. "मार की!"

आत्याने खूण करताच लुसेआनेने दोन्ही हात पसरले आणि खड्या आवाजात बाजाराची यादी म्हणायला सुरुवात केली. "साबण! मीठ! डब्यातलं मटण! केरोसीन!"

फुस्स!

होडीत हशा पिकला. बाबा घाईघाईने म्हणाले, "माझ्याच शंखाची शक्ती हिच्यात उतरली!"

पिल्लू पुन्हा बुडालं. आत्या घड्याळ घेऊन बाबांसमोर उभी राहिली. "मग लगेच बोलाव. आत्ता!"

बाबांनी फुंकलं. गाल फुगले, कानशिलं तांबडी झाली, पण पाणी हललं नाही. दोन श्वास घेऊन त्यांनी पुन्हा फुंकलं. अखेर त्यांनी शंख खाली केला. "होडीत कुणीतरी पापी..."

"माझ्याकडे बघू नकोस!" आत्या कडाडली. "काय गं लुसेआने, हा काय प्रकार आहे?"

"आत्या, देवमाशाला माशासारखे कल्ले नसतात. आपल्यासारखीच फुप्फुसं असतात. आई पाण्याखाली बराच वेळ पडून राहते, पण पिल्लाचा दम लवकर संपतो. चार मिनिटांच्या आसपास त्याला श्वासासाठी वर यावंच लागतं. बाबा आपल्या मनगटावरचं घड्याळ बघून शंख फुंकतात, एवढंच. आणि मी महिनाभर मोजत होते, तरी गप्प बसले. माझं चुकलं."

आत्याने पिशवीतली बाटली काढली. झाकण उघडून तिने तीर्थ समुद्रात ओतलं.

दवाखान्यात तिचं एक बोट कापावं लागलं, पाय वाचला. चर्चच्या अंगणात बायकांनी विचारलं, तेव्हा तिने पट्टी बांधलेला पाय पुढे केला.

"कुणी चमत्कार दाखवला तर पाया पडायची घाई करू नका. आधी विचारा, बाबा रे, तू नसतास तर हे झालंच नसतं का? आणि औषध बंद करा म्हणाला, तर तेवढंही विचारत बसू नका. उठून चालायला लागा."