दिवाणाचा काळा फेटा

मी फेटा बोलतोय. लग्नातला नाही, सत्कारातला नाही. मी नाटकातल्या दुष्ट दिवाणाचा काळा फेटा. मला कुणी मान दिला नाही आणि मी मागितला नाही.

मूळचा मी पांढरा. कर्जत तालुक्यातल्या आमच्या गावात आसारामच्या वडिलांच्या डोक्यावर होतो. ते गेल्यावर आसारामने मला काळा रंग कालवलेल्या पातेल्यात बुडवलं.

"बापाचा फेटा शिव्या खायला काढलास व्हय रे?" त्याची आई म्हणाली.

"नाटकाला पायजे," आसाराम म्हणाला. तो तेवढंच बोलतो. मलाही तसंच आवडतं.

जत्रेत दरवर्षी एकच जुनं नाटक होतं. राजा मरतो, दिवाण राणीला वाड्याबाहेर काढतो. ती गेली की दिवाण झालेला आसाराम स्टेजच्या कडेला येऊन उभा राहतो. पेटीवाला थांबतो आणि गावच्या बाया दिवाणाला शिव्या घालतात. रिवाजच आहे. फेटा ज्याच्याकडे, त्याने उभं राहून ऐकायचं. उलट बोलायचं नाही. शेवटची बाई खाली बसली की नाटक पुढे सरकतं.

छबूबाईने एकदा चप्पल फेकून मारली. सकाळी तीच चप्पल मागायला आसारामच्या दारात आली आणि चहा पिऊन गेली. असा सगळा प्रकार.

लंकाबाईचं मात्र तसं नव्हतं. तिचा नवरा वारला तेव्हा दीर बन्सीने सामाईक विहिरीवरची तिची पाण्याची पाळी बंद केली. रान कोरडं पडलं. तेव्हापासून ती दरसाल ऊस तोडायला जाते आणि जत्रेला परत येते. आली की सगळ्यांच्या पुढे बसते.

"मुडद्या, बिननवऱ्याच्या बाईचं खाऊन पचंल व्हय तुला?"

बघायची आसारामकडे. शिवी कुणाला आहे हे गावाला ठाऊक होतं. आसाराम जागचा हलत नसे. त्याच्या कपाळाचा घाम मात्र मला लागायचा.

यंदा बन्सी जत्रा कमिटीचा अध्यक्ष झाला. तालमीत येऊन म्हणाला, "ते शिव्यांचं बंद करा. पोरं मोबाईलवर काढत्यात. गावाची इज्जत जाती."

"गावाची का तुझी?" छबूबाईने विचारलं. लोक हसले. पण हुकूम हुकूमच राहिला.

नाटकात राणी बाहेर गेली. पेटीवाल्याने ठरल्याप्रमाणे पुढचा सूर धरला. आसाराम कडेला आला, उभा राहिला आणि बोललाच नाही. आतून कुणीतरी वाक्य सांगितलं. परत सांगितलं. हा उभाच. शेवटी पेटी थांबली.

लंकाबाई उठली. ओरडली नाही. स्टेजपाशी येऊन तिने हात वर केला.

"आसारामदादा, माझं लई ऐकलंस तू. दे तो फेटा हिकडं."

आसारामने मला उतरवून तिच्या हातात दिलं. ती सरळ कमिटीच्या खुर्च्यांकडे गेली आणि तिने मला बन्सीच्या मांडीवर ठेवलं. त्याच्या डोक्यावर सत्काराचा गुलाबी फेटा होता.

"वैनी, ह्ये काय नाटक लावलंय?"

वरून आसाराम म्हणाला, "ऊठ बन्सी. फेटा ज्याच्याकडं, त्यो उभा ऱ्हातो."

बन्सीने आजूबाजूला पाहिलं. कुणी हसत नव्हतं. तो उठला. मी त्याच्या मुठीत होतो. मूठ ओली झाली होती.

लंकाबाईच्या सगळ्या शिव्या मला पाठ आहेत. मी तयारीत राहिलो. तिने एकही दिली नाही.

"भाऊजी," ती म्हणाली, "माझी पाण्याची पाळी सोडा. औंदा मला उसाला जायचं न्हाई."

एवढं बोलून खाली बसली. आसारामने बोडक्या डोक्याने पुढचं वाक्य म्हटलं आणि नाटक शेवटास नेलं.

मी तेव्हापासून बन्सीच्या घरी खुंटीला आहे. तो मला फेकत नाही, परतही देत नाही. त्याची बायको मनकर्णा मला झटकते, त्याच्याकडे बघते आणि पुन्हा अडकवते. विहिरीचं पाणी अजून त्याच्याच रानात जातं. दिवाळी जवळ आली. ऊसतोडीची टोळी जमवायला मुकादम येऊन गेला. लंकाबाईने त्याला हो म्हटलेलं नाही.

बन्सी, तुला सांगतो. विहिरीवर जा. पाइपची चावी तिच्या रानाकडे फिरव. नाहीतर पुढच्या जत्रेला ती पुन्हा समोर येईल. शिव्या ऐकायची सवय मला आहे, तुला नाही.