नानांची लाल गरी

राजिवड्यात मुसानानांना लोक दोन गोष्टींसाठी ओळखत. एक म्हणजे, भाट्याच्या खाडीतला जिताडा मासा त्यांच्या गरीला लागायचा तसा दुसऱ्या कुणाच्याच गरीला लागत नसे. दुसरी म्हणजे, त्यांना बोट लागते. घरातले सगळे पुरुष पिढ्यानपिढ्या जहाजावर, आणि नाना तेवढे विशीत मुंबईला गेले नि आठवडा भरायच्या आत पेटी उचलून परत आले. ‘बोट लागली’ म्हणाले. तेव्हापासून गाव त्यांची टर उडवत आलं आणि नाना गावाबरोबर हसत आले.

बिल्किस ही त्यांची मुलगी. तिचा नवरा कतारला, म्हणून नाना तिच्याकडेच राहत. ती शिवणकाम करायची आणि प्रत्येक गोष्टीला ‘असं का?’ विचारायची तिला खोड होती. बोट लागणारा माणूस भर श्रावणात हेलकावणाऱ्या होडीत बसून गरीने मासे धरतो कसा, असं तिने लहानपणी बापाला विचारलं होतं. उत्तर म्हणून तिला नारळाची वडी मिळाली होती.

नाना गरीला कोळंबी लावत नसत. गळाला बोकडाचे केस बांधायचे, वरून बिल्किसच्या शिवणातला उरलेला दोरा घट्ट गुंडाळायचा, की झाला त्यांचा खोटा मासा तयार. दोऱ्याची रिळं मस्कतच्या बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात, प्रत्येक रीळ आपापल्या जागी. त्या डब्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. “जिताड्याला लालच लागतो,” हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला ठासून सांगत.

ईदच्या आधी घर साफ करताना बिल्किसने नेमका तोच डबा उपडा केला, गंज पुसला आणि रिळं आपल्या मनाने परत लावून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना ओट्यावर गरी बांधत बसले होते.

“बघ बाय, कशी लालभडक बांधलीय.”

त्यांच्या हातातली गरी गडद हिरवी होती, सोड्याच्या बाटलीसारखी.

बिल्किसला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. ती हसली. नाना हसले नाहीत, दोऱ्याला गाठ मारत राहिले. मग तिच्या हसण्याला एकदम खीळ बसली, कारण आत खोलीत भिंतीकडे तोंड करून अरशद पडला होता.

अरशद तिचा एकुलता एक मुलगा. जहाजावर अधिकारी होणारा घराण्यातला पहिला, असं सगळे धरून चालले होते. मुंबईत डोळे तपासताना त्याला रंगीत ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं. इतरांना त्यात आकडे दिसत होते, याला नुसते ठिपके. लाल-हिरव्यातला फरकच कळत नाही म्हणाले, आणि समोरच्या जहाजाचा दिवा लाल की हिरवा हे ज्याला ओळखता येत नाही त्याच्या हाती जहाज कोण देणार? गावात सांगितलं की कागद अडकलेत. तेव्हापासून पोरगं उंबऱ्याबाहेर पडलं नव्हतं. ताट पुढे ठेवलं तर जेवायचं, नाही तर नाही. बिल्किसचा जीव टांगणीला लागला होता. त्यात डॉक्टर सहज बोलून गेला होता की हे आईकडून येतं, ते तिच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं होतं.

तिने ती गरी उचलली आणि आत गेली.

“अरशद, हा रंग कुठला रे?”

“अम्मी, परत तेच?”

“तुझी परीक्षा नाय घेत. नाना लाल म्हणतात.”

तो उठून बसला. गरी उजेडात धरून त्याने बराच वेळ फिरवली. “हिरवी हाय?”

“हिरवी. मी रिळं हलवली ना डब्यातली.”

नानांच्या डोळ्यांबद्दल जे समजलं होतं ते मोठ्याने बोलायला दोघांनाही धजवेना. मग बिल्किसने आपल्या खोडीप्रमाणे भलताच प्रश्न काढला.

“मग आता या हिरवीला जिताडा लागायचा नाय? की त्याला तरी कुठं लाल दिसतो?”

अरशदने मोबाइल घेतला. बरंच शोधून म्हणाला, “जिताड्याचं नाय मिळत. अमेरिकेत बास म्हणून मासा हाय, त्याच्यावर प्रयोग केलेत. त्याला लाल नि हिरवा बरोबर कळतो. पण पोपटी नि पांढऱ्यात त्याचा घोळ होतो, निळ्या नि काळ्यातपण.”

“म्हणजे त्याला ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं तर तोपण कुठंतरी नापास.”

अरशदच्या ओठाचा एक कोपरा हलला. एवढ्यानेसुद्धा बिल्किसला भरून आलं.

“पण आपली खाडी गढूळ,” ती म्हणाली. “गढूळ पाण्यात काय होतं?”

“ते इथं नाय लिहिलेलं.”

“मग जाऊन बघू.”

दुसऱ्या दिवशी भरती चढत असताना तिघं होडीतून निघाली. बिल्किसने सोबत तीन गऱ्या घेतल्या होत्या: तिने स्वतः बांधलेली लाल, नानांची हिरवी आणि एक पिवळीधमक. पाणी दुधाच्या चहासारखं होतं. तिने तिन्ही गऱ्या दोऱ्यांना बांधून होडीच्या कडेने हळूहळू खाली सोडल्या आणि वाकून बघत राहिली. हातभर खोल जाईतो लाल विझली, हिरवी विझली, दोन्ही सारख्याच काळपट झाल्या. पिवळी त्या पाण्यातच मिसळून गेली. लाल कुठली नि हिरवी कुठली, ते तिला तिच्या धडधाकट डोळ्यांनीही सांगता येईना.

“अरशद,” ती म्हणाली, “मनापण नाय कळत.”

तोही वाकला. दोघं डोक्याला डोकं लावून पाण्यात बघत असताना एक दोरी ताणली. नानांनी ती झपकन धरली, सैल सोडली, ओढली, परत सोडली. शेवटी हातभर लांबीचा जिताडा होडीत आपटला. जबड्यात गडद हिरवी गरी.

“बघितलास? लालच लागतो,” नाना म्हणाले.

“नाना, ती हिरवी हाय,” अरशद हळूच म्हणाला.

नानांनी गरी सोडवली, पुसली, खिशात टाकली. बिल्किसने लहानपणीचाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला, फक्त या वेळी तिला उत्तर माहीत होतं.

“अब्बा, तुम्हाला बोट लागली नव्हती ना?”

नानांनी होडी वळवली.

“मनापण ठिपके दाखवलेनी,” ते म्हणाले. “बोट लागते म्हटलं की लोक हसतात, बाय. डोळ्यात खोट हाय म्हटलं असतं तर तुझी आय मना कोणी दिली नसती. नंतर मग सांगायचं ऱ्हावूनच गेलं.”

बिल्किसला बापाचा राग आला आणि त्याच क्षणी त्याची दयाही आली. साऱ्या आयुष्याचं हसं करून घेतलं या माणसाने, आणि एका शब्दाने तक्रार केली नाही. अरशद मात्र नानांकडे टक लावून बघत होता, जणू तो त्यांना आज पहिल्यांदा भेटत होता.

धक्क्यावर रावजी उभा होता. तो तिथे बर्फ विकायचा. नानांचा लहानपणापासूनचा दोस्त, आणि ‘बोट लागलेला मुसा’ हे नाव पाडणारा तोच. जिताडा बघून त्याने मान डोलावली, मग अरशदला न्याहाळलं.

“काय रे, किती दिवसांनी दिसतोस. जहाजावर कधी चढतोस?”

आजूबाजूचे चार लोक वळले. बिल्किसने अरशदच्या ओठांकडे बघितलं आणि तो काय बोलणार ते तिला आधीच कळलं.

“नाय जात, रावजीकाका. मला बोट—”

“त्येला बोट लागत नाय,” नाना मध्येच म्हणाले. त्यांनी मासा खाली ठेवला आणि खिशातली गरी काढून रावजीच्या हातावर ठेवली. “मनापण कधी लागली नव्हती. बस, सांगतो.”